कुरव आलेच नाहीत म्हणे!

"काय रे, यंदा थंडी पडणार आहे की नाही?" २०२४ च्या नोव्हेंबरात हा प्रश्न आमच्या विंगमध्ये रोज रात्री कोणीतरी विचारायचंच. घरून आणलेल्या रजया ट्रंकेत, पंखा पाचवर, सबमिशन तोंडावर आलेलं आणि जर्नल लिहिताना कोपराचा घाम कागदाला चिकटतोय. देशावरून आलेली पोरं फोनवर घरी सांगायची, "आई, स्वेटर पाठवू नकोस, बनियन पाठव!" त्या वर्षीचा ऑक्टोबर १९०१ पासूनचा देशातला सर्वात गरम ऑक्टोबर ठरला होता. नोव्हेंबरच्या शेवटी दोन-चार रात्री जरा बऱ्या गेल्या, तेवढ्यात ४ डिसेंबरला मुंबईत सांताक्रूझला ३७.३ अंश! इथे रत्नागिरीतही दुपारच्या लेक्चरला अर्धा वर्ग झोपलेला. (उरलेला अर्धा एरवीही झोपतोच, पण त्याचं कारण हवामान नव्हे.)

तर मित्रहो, या गरमीत आम्ही पक्षी बघायला गेलो आणि आमचा पचका झाला, त्याची ही गोष्ट. गोष्ट म्हणजे खरं तर एक तक्रार आहे, आणि ती आधी माझ्याविरुद्धच आहे.

आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख सालिम अलींच्या. राज्य सरकारने २०२० मध्ये तो सुरू केला. आमच्या निसर्ग मंडळाने त्या सप्ताहात भाट्याच्या खाडीवर जायचं ठरवलं होतं, पण मिड-सेम आडवी आली. मग मुहूर्त निघाला रविवार, २४ नोव्हेंबरचा. आम्ही सातजण, एक दुर्बीण (जिचा उजवा डोळा कायम धूसर), एक वही आणि पावाची चार पाकिटं. सकाळी सातला भाट्ये पुलावर हजर.

पुलाखाली पाणीच पाणी. पुळणीवर सुरूच्या बनापर्यंत चालत गेलो. साडेआठला ऊन पाठीवर चटके देऊ लागलं, नऊला दोघांनी मैदान सोडलं, साडेनऊला मीही सोडलं. वहीत लिहिलेलं अजून आहे: समुद्री बगळे ४, ब्राह्मणी घारी २, खंड्या १, कावळे पुष्कळ. आणि ज्यांच्यासाठी गेलो होतो ते कुरव, म्हणजे ज्यांना सगळे सीगल म्हणतात ते, शून्य. चिखल्या शून्य. तुतवार शून्य.

परत येताना रिक्षात चर्चा झाली. निदान एकमताने झालं. थंडीच नाही तर थंडीचे पाहुणे येतील कसे? ग्लोबल वॉर्मिंग! त्याच रात्री मी कॉमन रूमच्या फलकावर लाल-निळ्या खडूने झकास अक्षरात लिहिलं: "उष्णतेचा फटका! यंदा भाट्याच्या खाडीवर कुरव आलेच नाहीत." खाली एक रडका कुरव काढला. फलकाचा फोटो कोणीतरी काढला, तो हॉस्टेलच्या ग्रुपवर गेला, तिथून गावातल्या ग्रुपांवर. दोन दिवस मी जरा हवेत होतो, खोटं कशाला बोला!

हवेतून खाली आणलं मेसमधल्या मावशींनी. मावशी खाडीकाठच्या. सकाळी आमच्या पोळ्या, आणि पाणी उतरलं की खाडीत तिसऱ्या-मुळे काढणं, अशी त्यांची दोन खाती. वाढता वाढता म्हणाल्या, "काय रे, तू लिवलंस ना ता पक्ष्यांचा? कधी गेलेलास?"

"रविवारी सकाळी, मावशी. सातला."

"रविवारी नवमी होती. नवाची पावणकी किती?"

मी गप्प. शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याने मोबाईल काढून ९ गुणिले ०.७५ केलं. ६.७५. म्हणजे पावणेसात.

"म्हंजे पावणेसातला पाणी भरलेला. तुमी भरतीत जाऊन उभे. चिखल पाण्याखाली, मग ते काय तुमच्यासाठी पोहत बसनार?" असं म्हणून मावशींनी माझ्या ताटात जादा डाव आमटी ओतली आणि पुढे गेल्या. चौथ्या सेमिस्टरच्या ओरललाही माझी इतकी कमी वेळात इतकी शोभा झाली नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (मीही त्यांच्यातलाच होतो): तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ तासात मिळते. भरती रोज पाऊण तासाच्या वर थोडी पुढे सरकते, म्हणून हा हिशोब बसतो. छापील तक्त्याशी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मच्छीमारांनी पिढ्यान् पिढ्या यावर होड्या काढल्या आहेत. अष्टमी-नवमीच्या सुमाराला तर 'भांग' असतो. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, त्यामुळे चिखल उघडाच कमी पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला याच्या उलट. आम्ही नेमके भांगाच्या भरतीत गेलो होतो! आणि कुरव? ते अशा वेळी मिरकरवाड्याला, होड्यांच्या मागे, फुकटच्या मासळीवर. तिकडे आम्ही फिरकलोच नव्हतो.

पुढच्या रविवारी, १ डिसेंबरला, अमावास्या. पंधराची पाऊणकी सव्वाअकरा. तोच पूल, तीच सातची वेळ, तीच अर्धी आंधळी दुर्बीण. पाणी अजून चढायचं होतं, खाडीच्या मधोमध चिखलाची लांबच लांब पाठ उघडी पडलेली, आणि तिच्यावर कुरव! पहिल्यांदा मोजले तेव्हा १८४, दुसऱ्यांदा मोजले तेव्हा १७१. वहीत दोन्ही आकडे लिहिले. कडेला छोटे चिखल्या. तुरुतुरु धावायचं, एकदम थबकायचं, चोच मारायची, पुन्हा धावायचं, अशी त्यांची तऱ्हा. ते साठाच्या आसपास. तुतवार शेपूट हलवत एकटे-दुकटे. ऊन? होतं तेवढंच होतं. ४ तारखेला, म्हणजे सांताक्रूझचा पारा ३७ च्या वर गेला त्या दिवशी, लेक्चर संपवून मी मुद्दाम पुन्हा पुलावर गेलो. पाणी निम्मं उतरलेलं. चिखल्या जागेवर, कामात मग्न. घाम फक्त मला आलेला.

मग मी जरा वाचलं. आधी वाचायला हवं होतं ते नंतर वाचलं, आपली नेहमीची पद्धत. हे चिखल्या आपल्या किनाऱ्यावर थंडीची वाट बघत येतच नाहीत. तिबेट-पामीरच्या पठारांकडे वीण उरकून ते ऑगस्ट-सप्टेंबरातच इथे पोचू लागतात, आपल्याकडे पाऊस चालू असताना! तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर अंडी घालतात आणि ती तळी गोठण्याआधी खाली सरकतात. निघायचं कधी हे त्यांना मुख्यतः दिवसाची लांबी सांगते, आणि तिकडची थंडी, तिकडचं अन्न. रत्नागिरीत पंखा तीनवर आहे की पाचवर, याच्याशी त्यांना काय देणंघेणं?

आणि आपली ती 'अवेळी' गरमी, तीही दरवेळी समजतो तितकी अवेळी नसते. पाऊस गेला की जमिनीवरचे पूर्वेकडून येणारे वारे सह्याद्री उतरतात. उतरताना हवा दाबली जाते आणि तापते (थर्मोडायनॅमिक्सचा पेपर ज्यांचा राहिलाय त्यांनी हे इथेच समजून घ्यावं). एरवी दुपारच्या आत समुद्राकडून खारा वारा येऊन आपल्याला वाचवतो. तो ज्या दिवशी उशिरा येतो त्या दिवशी पारा भसकन चढतो. म्हणूनच नोव्हेंबर-डिसेंबरात देशातल्या तापलेल्या गावांच्या यादीत रत्नागिरीचं नाव अधूनमधून झळकतं.

आता इथे कोणी असा अर्थ काढू नये की तापमानवाढ वगैरे सगळं थोतांड आहे. मुळीच नाही. २०२४ हे सालच भारतात १९०१ पासूनचं सर्वात गरम साल ठरलं. १९९१ ते २०२० च्या सरासरीहून ०.६५ अंश जास्त, असं हवामान खात्यानेच जाहीर केलं. आणि हिवाळे ऊबदार झाल्याने पक्ष्यांची वागणूक बदलते हेही सिद्ध झालेलं आहे. युरोपात काही बदकं आणि हंस पूर्वीइतके दूर न जाता हिवाळ्यात अलीकडेच, ईशान्येच्या बाजूला, मुक्काम करू लागले आहेत. पण हे कळलं कसं? तिथे १९६७ पासून दर जानेवारीला पाणपक्ष्यांची मोजणी होते. त्याच जागा, तोच महिना, वर्षानुवर्षं. कोणी एका रविवारी पाव खाऊन येऊन फलक रंगवला म्हणून नव्हे!

आपण इंजिनिअरिंगवाले. लॅबमध्ये मायक्रोमीटर हातात घेतला की सर पहिला प्रश्न विचारतात, "झीरो एरर बघितली का?" एका रीडिंगवरून ग्राफ काढला तर जर्नल तोंडावर फेकतात. त्याच लॅबमधून बाहेर पडून आम्ही एका रीडिंगवरून, तेही चुकीच्या वेळी घेतलेल्या, एका अख्ख्या खाडीचा निकाल लावला. आणि गरमीने आणखी एक गंमत केली होती, जी मला फार उशिरा लक्षात आली. ऊन चढल्यावर सातातले तीनजण उरले होते. चिखलावरून वाफेसारखी लहर उठते, दुर्बिणीत सगळं पाण्यासारखं थरथरतं, लांबचं मोजता येत नाही. म्हणजे गरम दिवसाच्या वहीत पक्षी कमी दिसणारच. बघणारेच घरी गेले ना!

इथवर हा विनोदी प्रसंग होता. पुढे तो तसा राहिला नाही.

१ डिसेंबरनंतर मी मावशींना विचारलं होतं, की भरतीला हे छोटे पक्षी जातात कुठे? कुरव बंदरावर गेले हे समजलं, पण चिखल्या काही मासळी खात नाहीत. मावशी म्हणाल्या, "आत खाजणात जाऊन बसतात." रविवारी, ८ डिसेंबरला, सप्तमी होती, सव्वापाचची भरती. आम्ही तिघे अंधारातच खाडीच्या आतल्या अंगाला गेलो. उजाडलं तसं दिसायला लागलं. पडीक खाजण, फुटका बांध, मध्ये उघडी खारट माती, कडेला कांदळवन. आणि त्या मातीवर चिखल्या दाटीवाटीने बसलेले, बहुतेक एका पायावर, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. आधी वाटलं ढेकळंच आहेत. मग एक ढेकूळ सरकलं. मोजले तर ९३. पुलावरून आम्हाला कधीच इतके दिसले नव्हते. कोणी बोललं नाही. दुर्बीण एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. पाणी उतरू लागल्यावर ते एकदम उठले, आमच्या डोक्यावरून एक वळसा, पांढरं पोट चमकलं, आणि खाडीच्या दिशेने गेले. खाजण रिकामं.

हे रिकामं खाजण महत्त्वाचं आहे. या पक्ष्यांचं घड्याळ दिवस-रात्रीचं कमी आणि पाण्याचं जास्त. ओहोटीत चिखलावर खायचं, भरतीत कुठेतरी कोरड्या, मोकळ्या जागी, शत्रू लांबून दिसेल अशा ठिकाणी, शक्ती राखून बसायचं. अशी बसायची जागा जवळपास उरली नाही तर समोरचा चिखल कितीही समृद्ध असो, त्याचा उपयोग नाही. हॉस्टेल बंद केलं आणि मेस चालू ठेवली तर आपलं जे होईल तेच. पण दिवसाउजेडी, ओहोटीच्या वेळी, कोणीही तिथून गेलं तर त्याला काय दिसतं? पडीक, खारी, कशालाच न येणारी जमीन.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या खाजणाच्या एका टोकाला डेब्रिज पडलेलं दिसलं. कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीच्या विटा, फरशा, एक अख्खं वॉश बेसिन. तीन ट्रक तरी असेल. दुसऱ्या खेपेला ट्रकबरोबर असलेल्या माणसाशी आम्ही बोलायला गेलो. मनात भांडणाची तयारी होती. तो भांडलाच नाही. शांतपणे म्हणाला, "अरे पोरांनो, इथे आता पक्षी येतात कुठे? तुमच्याच कॉलेजच्या मुलांनी लिहिलंय ना, गरमीने यायचे बंद झाले म्हणून." आणि खिशातून मोबाईल काढून त्याने आम्हाला फोटो दाखवला. लाल-निळा खडू. रडका कुरव.

माझ्या बरोबरच्या दोघांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

त्या दिवसापासून माझं एक मत झालं आहे आणि ते मी इथे स्पष्ट लिहितो, कोणाला पटो न पटो. "हवामान बदललं, म्हणून पक्षी गेले" हे वाक्य आपण फार सहज बोलतो, कारण त्यात कोणाचाच दोष नसतो. हवामान म्हणजे सगळ्या जगाचं. त्याला जबाबदार ते लांबचे कारखाने, लांबचे देश. त्यापुढे आपण काय करणार, असं म्हणून हळहळून पुन्हा पत्ते पिसायला घेता येतात. पण तीन ट्रक डेब्रिज लांबून आलेलं नसतं. उथळ चिखलपट्टे आणि कांदळवनं किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत सर्वात संवेदनशील गटात येतात. कांदळवन तोडण्यावर आणि त्यात भराव टाकण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदीच घातली. म्हणजे इथे करण्यासारखं काही होतं, आणि ते तालुक्याच्या गावात, रिक्षाच्या अंतरावर होतं. आमच्या फलकाने नेमकं तेच झाकलं. खरी गरमी ही खोट्या निष्कर्षाला आयतं पांघरूण झाली.

आमच्याच मंडळातला एकजण म्हणाला, "ठीक आहे रे, पण चार पोरांच्या वहीने काय होतंय?" याला उत्तर आहे. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल निघाला, तो ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा त्यात आढावा आहे. त्यातले बहुतेक निरीक्षक शास्त्रज्ञ नाहीत. बँकेतले, शाळेतले, आपल्यासारखे आहेत. लांबून येणारे किनाऱ्यावरचे पक्षी खरोखर घटत आहेत, हेही त्यातूनच दिसलं. म्हणजे बघा, "कमी झाले" हे म्हणणं चूक नसेलही! पण ते म्हणायचा हक्क वहीवाल्यांना आहे, खडूवाल्याला नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, फेब्रुवारीत कॉलेजच्या आवारातल्या पक्ष्यांची गणना असते. दोन्हीत आपलं नाव असायला काय हरकत आहे? आणि प्राध्यापक मंडळींना एक विनंती: टेक फेस्टच्या बजेटमधून एक धड दुर्बीण निघाली तर बघा. दोन्ही डोळ्यांची.

आमच्या त्या खाजणाचं काय झालं, ते सांगायला हवं. आम्ही तहसील कार्यालयात अर्ज दिला. सोबत सहा भेटींचा तक्ता जोडला: तारीख, तिथी, भरतीची वेळ, आम्ही कधी ते कधीपर्यंत होतो, किती जण होतो, ऊन कसं होतं, काय दिसलं आणि काय दिसलं नाही. २४ नोव्हेंबरची शून्यंही त्यात आहेत, वेळेसकट. ती खोडून टाकावीत असं एकाचं म्हणणं होतं. मी खोडू दिली नाहीत. फलकावर दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती लिहिली, पण दुरुस्तीचा फोटो कोणी काढला नाही आणि कोणी पुढे पाठवलाही नाही. जानेवारीत ट्रक यायचे थांबले. अर्जामुळे थांबले की जवळच्या रस्त्याच्या कामाला लागले म्हणून थांबले, देव जाणे. कारण ठोकून द्यायचं नाही एवढं मी शिकलोय. पडलेलं डेब्रिज अजून तिथेच आहे. वॉश बेसिनमध्ये पावसाळ्यात पाणी साठतं आणि त्यात एक धोबी अंघोळ करताना मी स्वतः पाहिलाय. (पक्षी. कपडे धुणारा नव्हे.)

वही तेव्हापासून चालू आहे. निळ्या पुठ्ठ्याची, रीडिंग रूममध्ये पेपरांच्या रॅकवर सर्वात खालच्या कप्प्यात. पेन दोऱ्याने बांधलंय, कृपया नेऊ नये. पहिल्या पानावर पाऊणकी लिहिली आहे, मावशींकडून तपासून घेतलेली. ज्या रविवारी एकादशी येईल त्या दिवशी भरती सव्वाआठची. खाजणाकडे यायचं असेल त्यांनी साडेसहाला गेटवर यावं. पोहे परत आल्यावर.